शिष्यवृत्तीला तारीख हवी

शिष्यवृत्तीबद्दल आपल्याकडे वाद होतात ते दोन प्रश्नांवर: कोणाला द्यायची आणि किती द्यायची. कधी द्यायची, हा तिसरा प्रश्न मात्र कार्यालयीन बाब म्हणून बाजूला पडतो. त्यावर मोर्चे कमी निघतात आणि विधिमंडळात त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘कार्यवाही सुरू आहे’ एवढंच असतं. पदवीचं शिक्षण घेणाऱ्या गरीब घरातल्या मुलामुलींसाठी हा तिसरा प्रश्नच सर्वांत मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. इथे बोलतो आहे ते मुख्यतः अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, शिष्यवृत्तीबद्दल. जून-जुलैत लागणारे पैसे पुढच्या मार्चमध्ये किंवा त्याहूनही उशिरा, पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर मिळत असतील, तर ते शिक्षणाच्या कामी येत नाहीत. तोवर झालेलं कर्ज फेडण्यात ते जातात.

पदवीच्या पहिल्या वर्षाचा खर्च कसा येतो ते पाहू. मुलगी बारावी पास झाली, गाव सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी कॉलेजला निघाली. जूनमध्ये सेतू केंद्र आणि तहसील कार्यालयाच्या चकरा होतात, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. मग प्रवेशाच्या वेळी कॉलेज जी काही रक्कम मागेल ती. लगेच खोलीचं डिपॉझिट, मेसचे महिन्याचे पैसे आगाऊ, पुस्तकं, विज्ञान शाखा असेल तर जर्नल आणि एप्रन. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परीक्षेचा फॉर्म. दिवाळी येईपर्यंत वर्षाच्या खर्चाचा मोठा वाटा होऊन गेलेला असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज तेव्हा कुठे असतो? बहुधा कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, किंवा त्रुटी निघून परत आलेला.

मधला खड्डा भरतं कुटुंब. बचत गटाचं कर्ज, खासगी सावकार, आईच्या गळ्यातलं किडूकमिडूक, नातेवाइकाकडून हातउसने. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी घरं मुकादमाकडून उचल घेतात. ती साधारण पावसाळ्यात, म्हणजे कॉलेजं सुरू होण्याच्याच काळात घेतली जाते, आणि घेतलेल्या उचलीपोटी पुढचा हंगामभर नवरा-बायकोची ‘कोयता’ म्हणून, म्हणजे जोडीने, मजुरी बांधली जाते. मुलाच्या शिक्षणाचा खर्च त्या उचलीत मिसळला, की सरकारने देऊ केलेल्या मदतीच्या उशिराची किंमत शेतात राबणारी दोन माणसं चुकवतात. या उधारीवर व्याज चढतं. शिष्यवृत्ती येते तेव्हा ती कागदावरच्या रकमेइतकीच येते. व्याजाची भरपाई कोणी करत नाही.

ज्यांना उधारीही मिळत नाही त्यांचं काय होतं, हे कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पहिल्या सत्रात हजेरीपटावर नाव असतं, दुसऱ्या सत्रात हजेरी तुटक होते, परीक्षेला मूल येतं किंवा येत नाही. कोणी गोदामात रात्रपाळी धरतो, कोणी पार्सल पोचवतो. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, ‘एक वर्ष थांब’, आणि त्या वर्षात स्थळ पाहिलं जातं. कागदोपत्री कारण ‘वैयक्तिक अडचण’ असं लागतं.

या योजनेचा इतिहास ज्या माणसाशी जोडलेला आहे त्याला पैशाच्या वेळेचं मोल पुरेपूर माहीत होतं. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. आकडा महत्त्वाचा आहे, पण मला त्यातला ‘दरमहा’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. आधी शिकून ये, पावत्या दाखव, मग पाहू, अशी ती व्यवस्था असती तर वडिलांच्या निधनानंतर घरची ओढाताण असलेला तो तरुण बोटीत बसूच शकला नसता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी केली. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. आज देशात या प्रकारच्या जितक्या योजना आहेत, त्यांची ही थोरली बहीण. ऐंशी वर्षं चाललेल्या योजनेला अजून ठरलेली तारीख नसावी, याचा मला मनापासून राग येतो.

रकमेबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण उशीर आणि तुटपुंजेपण एकमेकांना वाढवतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. हे अभ्यासक्रम या योजनेच्या तिसऱ्या गटात येतात. २०१० च्या दरांनुसार या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला महिन्याला ५७० रुपये आणि घरून ये-जा करणाऱ्याला ३०० रुपये निर्वाह भत्ता होता. दहा महिन्यांचा हिशेब धरला तर ५७०० आणि ३००० रुपये. २०२१ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये हे आकडे वर्षाला ६००० आणि ३००० झाले. म्हणजे अकरा वर्षांनी वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला वर्षाचे ३०० रुपये वाढले आणि ये-जा करणाऱ्याला काहीच नाही. या काळात खानावळीचा, खोलीचा, एसटीच्या तिकिटाचा दर कुठून कुठे गेला ते वाचकांनी आपापल्या घरखर्चावरून ताडून पाहावं. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादाही २०१३ पासून तिथेच आहे. महागाईने मजुरी थोडी वर सरकली की कुटुंब गरीबच राहतं, फक्त पात्रतेच्या बाहेर पडतं.

शिकताना जगायला खरा किती खर्च येतो हे शासनाला ठाऊक नाही, असंही नाही. ज्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार आणि निर्वाहाचे ८ हजार मिळून वर्षाला ६० हजार रुपये धरले आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची स्वयं योजना आणि इतर मागास वर्गासाठीची आधार योजना याच धर्तीवर आहेत. चांगल्या योजना आहेत, पण गुणांच्या, अंतराच्या अटी असल्याने त्या सर्वांपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांचे पैसेही वेळेवर येतीलच असं नाही. जेव्हा एकच शासन एका कागदावर वर्षाचा खर्च ६० हजार मांडतं आणि दुसऱ्या कागदावर ६ हजार देतं, तेव्हा निदान ते ६ हजार तरी जुलैत हातात पडावेत, ही मागणी फार मोठी म्हणता येईल का?

आता उशीर होतो कुठे? राज्यात शिष्यवृत्तीचे अर्ज ज्यावर भरले जातात त्या महाडीबीटी पोर्टलला बरेच लोक सगळा दोष देतात. सर्व्हर बंद पडतो, ओटीपी येत नाही, हे खरं. पण मूळ दुखणं पोर्टलमध्ये नाही, पैशाच्या वाटेत आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांच्या ५९,०४८ कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली आणि केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी वाटणी ठरवली. त्याआधीच्या पद्धतीत बराचसा भार राज्यांवर पडला होता, त्या मानाने हा बदल स्वागतार्ह होता. पण वाटणीबरोबर एक साखळीही आली. आधी राज्याने आपला वाटा द्यायचा, त्याची खातरजमा झाली की मग केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात. राज्याच्या वित्त विभागाने निधी टप्प्याटप्प्याने सोडला की केंद्राचा वाटाही तितकाच लांबतो. परिणामी ‘शिष्यवृत्ती आली का?’ या प्रश्नाला विद्यार्थ्याला सरळ उत्तरच देता येत नाही. राज्याचा हप्ता आला, केंद्राचा बाकी आहे. मागच्या वर्षीचा केंद्राचा आला, या वर्षीचा राज्याचा बाकी आहे.

त्यात शिक्षण शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती त्याने कॉलेजात भरायची असते. घरात आठ महिन्यांची उधारी थकलेली असताना खात्यात एकदम तीस-चाळीस हजार जमा झाले, तर ते आधी सावकाराकडे जाणार की कॉलेजकडे? कॉलेज मग गुणपत्रिका अडवतं, दाखला अडवतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये पुन्हा बजावलं आहे, पण टीसीसाठी हेलपाटे घालणारी मुलं आजही दिसतात. छोट्या विनाअनुदानित कॉलेजांची बाजूही मला कळते. त्यांच्या शिक्षकांचे पगार याच शुल्कावर चालतात. निर्वाह भत्ता विद्यार्थ्याच्या खात्यात आणि शुल्क कॉलेजच्या खात्यात, ही साधी विभागणी दोघांच्याही हिताची आहे.

शुल्क कॉलेजला द्यायचं म्हटलं की लगेच घोटाळ्याची आठवण काढली जाते, आणि ती काढायलाच हवी. महाराष्ट्रात काही संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीचे पैसे लाटले आणि शासनाला त्याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. पण त्या प्रकरणात लबाडी केली ती संस्थाचालकांनी आणि त्यांना सामील असलेल्यांनी. तेव्हापासून वाढलेल्या पडताळणीचा भार मात्र पडला विद्यार्थ्यांवर. बोगस विद्यार्थी ओळखायला सगळ्यात खात्रीचा पुरावा विद्यापीठाकडे पडून आहे: नोंदणी क्रमांक, परीक्षेला बसल्याची नोंद, निकाल. विद्यापीठाची ही माहिती थेट पोर्टलला जोडली, तर जे मूल परीक्षेला बसलंच नाही त्याच्या नावावर दुसरा हप्ता निघणार नाही, आणि जे बसलं त्याला स्वतःचं अस्तित्व क्लार्क, प्राचार्य आणि समाजकल्याण कार्यालय अशा तीन ठिकाणी सिद्ध करत बसावं लागणार नाही.

नूतनीकरणाचा प्रकार तर मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. दुसऱ्या वर्षात गेलेल्या विद्यार्थ्याची जात बदललेली नसते, गाव बदललेलं नसतं, कॉलेज बहुधा तेच असतं. नव्या दोनच गोष्टी पाहायच्या असतात. तो पास झाला का, हे विद्यापीठाला माहीत आहे. उत्पन्न वाढलं का, हे तहसील कार्यालयाला. तरीही अर्ज पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो. आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, बारावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं, म्हणून अर्ज परत येतो. परत आल्याचा निरोप ज्या मोबाइल नंबरवर जातो तो कधी कधी फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेचा असतो. मुदत संपल्यावर मुलाला कळतं. दरवर्षी मुदतवाढ मिळते, हे या गोंधळावरचं उत्तर मानलं जातं, पण प्रत्येक मुदतवाढीबरोबर मंजुरी आणि पैसे आणखी पुढे जातात.

उशिराला किंमत असते हे आपल्या कायद्यांना चांगलं समजतं. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवून दिलेला किमान दर, कारखान्याने १४ दिवसांत दिली नाही तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवलं नाही तर २००६ च्या कायद्यानुसार बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. प्राप्तिकराचा परतावा उशिरा आला तर सरकार करदात्याला व्याज देतं. रोजगार हमीची मजुरी पंधरा दिवसांत मिळाली नाही तर दिवसाला ०.०५ टक्के भरपाईची तरतूद आहे. शेतकरी, उद्योजक, करदाता, मजूर या सगळ्यांच्या बाबतीत आपण मान्य केलं, की पैसा उशिरा देणं म्हणजे त्यातला काही भाग काढून घेणं. कॉलेजातल्या मुलाच्या बाबतीत हेच मान्य करायला काय हरकत आहे? त्याची शिष्यवृत्ती उपकार म्हणून दिली जाते, हक्क म्हणून नाही, या एका समजुतीखेरीज मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

म्हणून मागणी अशी. नूतनीकरणाच्या अर्जदारांना निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता ३१ जुलैपूर्वी मिळावा. नव्या प्रवेशितांना प्रवेश निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत निम्मा भत्ता तात्पुरत्या मंजुरीवर द्यावा आणि कागदपत्रांची छाननी त्यानंतर करावी. केंद्राचा हिस्सा येईपर्यंत राज्याने फिरत्या निधीतून पूर्ण रक्कम द्यावी आणि केंद्राकडून नंतर वसूल करून घ्यावी. वाट पाहण्याची ताकद राज्याच्या तिजोरीत आहे, विद्यार्थ्याच्या घरात नाही. शिष्यवृत्तीचं वितरण २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित करावं. उत्पन्नाचा दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्या कायद्याखाली ठरतं आणि कसूर केल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. दाखल्याला कालमर्यादा असेल, तर ज्यासाठी तो दाखला काढला त्या पैशालाही असू द्या. आणि ठरलेल्या तारखेनंतरच्या प्रत्येक दिवसाचं व्याज, कोणी अर्ज न करता, आपोआप हप्त्यात जमा व्हावं. रोजगार हमीत भरपाईची तरतूद असूनही ती मजुरांच्या हाती क्वचितच पडते, हा अनुभव समोर आहे. मागायला लागणारी भरपाई गरिबाला मिळत नाही.

तात्पुरत्या मंजुरीवर दिलेले काही पैसे बुडतील. कोणी हप्ता घेऊन कॉलेज सोडेल, एखाद्याचा दाखला पुढे बाद ठरेल. हे होणार, आणि ते मान्य करूनच मी ही मागणी करतो आहे. वर्षाचा भत्ताच ३००० ते ६००० असताना त्याचा निम्मा हप्ता बुडण्याचा धोका, आणि भत्ता न मिळाल्याने पदवी सुटण्याचा धोका, यांतला दुसरा कितीतरी मोठा आहे. आज तो पूर्णपणे मुलांवर टाकलेला आहे.

शासनाच्या यंत्रणेला हे झेपणार नाही असं जे म्हणतात त्यांनी २०२४ चा उन्हाळा-पावसाळा आठवावा. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेची घोषणा २८ जूनच्या अर्थसंकल्पात झाली आणि ऑगस्टच्या मध्यापासून लाखो महिलांच्या खात्यांत दीड-दीड हजारांचे दोन हप्ते पडू लागले. अर्ज, छाननी, आधार जोडणी, वितरण, सगळं सात आठवड्यांत. त्या बहिणींना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे. त्यांच्यातल्या कित्येकींनी ते मुलांच्या कॉलेजवर खर्च केले असतील. त्या अनुभवाने एवढं सिद्ध झालं की इच्छा असली की राज्य सात आठवड्यांत पैसे पोचवू शकतं. त्याच वर्षी ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला, तोही मोलाचा. पण शुल्क माफ झालेल्या लातूरच्या मुलीला पुण्यात खोलीचं भाडं महिन्याच्या सुरुवातीला द्यावंच लागतं.

अनुदानाऐवजी कर्ज द्या, असाही एक सूर असतो. इंग्लंडने २०१६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह अनुदान बंद करून त्याजागी कर्ज आणलं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते, पण ते निवडक नामांकित संस्थांतल्या प्रवेशासाठी. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. करणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही, आणि ज्या पदवीनंतर कोणत्या पगाराची नोकरी लागेल हे सांगता येत नाही तिच्यासाठी त्याने कर्ज काढावं असं मी तरी सांगणार नाही.

अमेरिकेतलं उदाहरण इथे एका मुद्द्यापुरतं घेतो. १९७२ च्या कायद्याने सुरू झालेल्या आणि पुढे पेल ग्रँट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या अनुदानाची रक्कम विद्यार्थ्याला कॉलेज निवडण्याआधी, साधारण वसंत ऋतूत, पत्राने कळते. २०२४-२५ साठीचा नवा अर्ज ऑक्टोबरऐवजी डिसेंबरच्या शेवटी खुला झाला, माहिती कॉलेजांपर्यंत पोचायला मार्च उजाडला, आणि तो देशभर गाजलेला घोळ ठरला. अनेक कॉलेजांनी प्रवेशाची मुदत पुढे ढकलली, संसदेत सुनावण्या झाल्या. तिथे काही महिन्यांच्या उशिराने, तोही वर्ग सुरू होण्याच्या आधीच्या, एवढा गदारोळ झाला. आपल्याकडे वर्ग संपल्यावर पैसे आले तरी चौकट बातमी होत नाही.

याचं एक कारण आवाजाचं आहे. पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्तीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांचे संशोधक पुण्यात उपोषणाला बसतात तेव्हा त्यांची दखल घेतली जाते, आणि त्यांची मागणी रास्तही असते. पण एकोणीस वर्षांची, वसतिगृहाच्या प्रवेशासाठी झगडणारी, तीन हजार रुपयांची वाट पाहणारी मुलं गावोगावच्या कॉलेजांत विखुरलेली आहेत. त्यांची संघटना नाही. त्यांच्या वतीने कॉलेजच्या प्राध्यापकांनी आणि विद्यापीठाच्या अधिसभेतल्या सदस्यांनी पहिलं काम हे करावं: प्रत्येक जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाने अर्ज दाखल झाल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत सरासरी किती दिवस लागले, तो आकडा दरमहा जाहीर करावा, अशी लेखी मागणी. प्रलंबित अर्ज क्लार्कच्या, प्राचार्यांच्या की सहायक आयुक्तांच्या लॉगिनला अडकला आहे, हे पोर्टलला आजही कळतं. ते लोकांना कळू द्यायला नवा कायदा लागत नाही, आणि येत्या अधिवेशनात कोणत्याही आमदाराला तो आकडा मागता येईल.